राज्यपालांची यादी जुळत नाही, पेंटर उद्या सकाळी येतोय – मदत हवी आहे

पांढरा_खडू
नमस्कार. शाळेच्या हॉलमध्ये फलक करून घ्यायचाय, त्यावर महाराष्ट्राच्या राज्यपालांची नावं. माझ्याकडे दोन याद्या आहेत. एकीत सी. पी. राधाकृष्णन एकविसावे, दुसरीत चोविसावे. पहिलं नावही वेगळं. बरोबर कोणती तेवढं सांगा. लिंका नकोत, वाचायला वेळ नाही.

अभ्यासिका_टेबल७
पहिले राज्यपाल श्रीप्रकाश. क्लासमध्ये हेच शिकवतात. एकविसावे बरोबर.

जुनी_वही
थांबा. फलकाचं शीर्षक काय? सुरुवात १९४७ पासून, १९५६ पासून की १९६० पासून? हंगामी राज्यपाल धरायचेत की नाही? हे कळल्याशिवाय कोणतीच यादी चूक म्हणता येणार नाही.

पांढरा_खडू
अहो, आपल्या राज्याच्या राज्यपालांची यादी. त्यात १९४७ आणि १९५६ कुठून आलं?

जुनी_वही
तिथूनच तर तुमचा तीनचा फरक आलाय. श्रीप्रकाश डिसेंबर १९५६ मध्ये द्वैभाषिक, म्हणजे मराठी-गुजराती एकत्र असलेल्या, मुंबई राज्याचे राज्यपाल झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा तेच पदावर राहिले, एप्रिल १९६२ पर्यंत. त्यांच्या आधी मुंबई राज्याचे तिघे होते: राजा महाराज सिंग (१९४८–५२), गिरिजाशंकर बाजपेयी (१९५२–५४) आणि हरेकृष्ण महताब (१९५५–५६). चोवीसवाली यादी या तिघांना धरते, एकवीसवाली धरत नाही. मोजणी दोन्हींची बरोबर आहे.

गिरगाव_चौपाटी
मग स्वातंत्र्यापासून धरायचं तर सर जॉन कोलव्हिल का गाळता? १५ ऑगस्ट १९४७ नंतरही जानेवारी १९४८ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर तेच होते. इंग्रज होते म्हणून नाव पुसायचं, हे मला पटत नाही. मुलांना खरं कळू द्या.

जुनी_वही
कोलव्हिल यांची नेमणूक १९४३ ची, इंग्लंडच्या राजाने केलेली. आपल्या घटनेप्रमाणे राज्यपाल नेमतात राष्ट्रपती, कलम १५५. दोन्ही एका मालिकेत कशी बसणार?

गिरगाव_चौपाटी
तसं असेल तर महाराज सिंगांची नेमणूकही घटनेच्या आधीची. २६ जानेवारी १९५० कुठे आणि १९४८ कुठे! नियम लावायचा तर सगळ्यांना लावा.

बॅकफूट_पंच
महाराज सिंगांचं नाव निघालंच आहे तर सांगतो. १९५० मध्ये राज्यपाल असताना, वयाच्या ७२व्या वर्षी, त्यांनी ब्रेबॉर्न स्टेडियमवर राष्ट्रकुल संघाविरुद्ध प्रथम श्रेणीचा सामना खेळला. कप्तान तेच. प्रथम श्रेणीत इतक्या वयाचा खेळाडू दुसरा झालेला नाही. आणि ब्रेबॉर्न हे नावही मुंबईच्या गव्हर्नराचंच, लॉर्ड ब्रेबॉर्न, १९३३ ते ३७. हे मुलांना सांगा, जन्मभर लक्षात ठेवतील.

भाटघर_काठ
स्टेडियमच कशाला? भाटघरचं लॉइड धरण जॉर्ज लॉइडच्या नावाचं, भंडारदऱ्याचं विल्सन धरण लेस्ली विल्सनच्या. महाबळेश्वरची पेठ माल्कमची. एकेका गव्हर्नराच्या नावावर गावं वसली आहेत. यादी करायची तर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनपासून करा, १८१९.

पांढरा_खडू
दादा, एल्फिन्स्टन नको. पेंटर उद्या येतोय.

सदाफुली
कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. राज्यपालांकडे अर्ज करायचा असेल तर आधी विद्यापीठ कोणतं ते बघा. राज्य सरकारच्या विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात, कृषी विद्यापीठांचेही. खासगी आणि अभिमत विद्यापीठांचा कुलपती वेगळा असतो, तिथला अर्ज राज्यपालांकडे पाठवून उपयोग नाही. माझ्या भाचीचे कितीतरी महिने असेच गेले. आधी कुलसचिवांकडे लेखी तक्रार, तिची पोच जपून ठेवा, मग वर जा.

अभ्यासिका_टेबल७
ताई, इथे अर्जाचं कुणी विचारलेलं नाही.

सदाफुली
विचारलं नाही म्हणून गरज नसते असं नाही.

वऱ्हाडकर
मला एक सांगा, नावं आणि सालं रंगवून पोरांना काय कळणार? महाराष्ट्राच्या राज्यपालांवर घटनेनं वेगळी जबाबदारी टाकली आहे, कलम ३७१(२). विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळं, आणि निधीचं न्याय्य वाटप. मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये, पी. सी. अलेक्झांडर राज्यपाल असताना. एप्रिल २०२० मध्ये मुदत संपली. फलकावर अलेक्झांडर यांच्या नावापुढे हे लिहा. ते १९९३ ते २००२ पदावर होते, एवढा काळ महाराष्ट्रात दुसरं कुणी राहिलेलं नाही. आमच्याकडे अनुशेष, म्हणजे विकासात राहून गेलेली तूट, हा शब्द शेतकऱ्याच्या पोरालाही पाठ आहे, तुमच्याकडच्या पोरांनाही कळू द्या.

पांढरा_खडू
दादा, म्हणणं पटतं. पण एका नावाला एकच ओळ आहे.

टेकडीवरून
राज्यपाल भगतसिंह कोश्यारींच्या नावापुढे काय लिहिणार? २३ नोव्हेंबर २०१९ चा पहाटेचा शपथविधी लिहिणार का? मंत्रिमंडळानं पाठवलेली विधान परिषदेची बारा नावं अडवून ठेवली, ते?

गिरगाव_चौपाटी
मुख्यमंत्री कुणाला नेमायचं हा राज्यपालांचा अधिकार आहे. कलम १६४ वाचा.

टेकडीवरून
तुम्ही ११ मे २०२३ चा निकाल वाचा. जून २०२२ मध्ये बहुमत चाचणी बोलावण्याइतका आधार राज्यपालांकडे नव्हता, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं आहे.

गिरगाव_चौपाटी
त्याच निकालात नव्या मुख्यमंत्र्यांना बोलावणं योग्य ठरवलं आहे. तेही सांगा की.

पांढरा_खडू
हात जोडते, यावर वेगळा धागा काढा. मला आकडा हवाय.

पणजीकर
हंगामींचं ठरलं का? कलम १५३ ला सातव्या घटनादुरुस्तीने जोड दिल्यापासून एकाच व्यक्तीला दोन राज्यं देता येतात. कोश्यारी ऑगस्ट २०२० ते जुलै २०२१ आमच्या गोव्याचेही राज्यपाल होते, अतिरिक्त कार्यभार म्हणून. तुमच्याकडे ऑगस्ट २०१४ मध्ये तेच झालं. शंकरनारायणन यांची मिझोरामला बदली केली, त्यांनी राजीनामा दिला, आणि विद्यासागर राव येईपर्यंत गुजरातचे ओमप्रकाश कोहली होते. जेमतेम आठवडाभर. पण शपथ घेतली म्हणजे राज्यपाल. माझ्या मते गाळू नये.

जुनी_वही
मग एच. के. चैनानींचं काय करणार? उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. १९६२ मध्ये सुब्बारायन पदावर असताना वारले तेव्हा हंगामी, आणि १९६४ मध्ये विजयालक्ष्मी पंडित फुलपूरची पोटनिवडणूक लढवायला गेल्या तेव्हा पुन्हा हंगामी. एकाच माणसाला दोन क्रमांक? चेरियन आणि अली यावर जंग हेही पदावर असतानाच गेले, तेव्हाही मुख्य न्यायमूर्तींनीच सांभाळलं. हे सगळे धरले तर तिसरीच यादी होईल. क्रमांक द्यायचे तर फक्त नियमित नेमणुकांना द्या.

सदाफुली
विजयालक्ष्मीबाईंनंतर महाराष्ट्राला महिला राज्यपाल मिळालेल्या दिसत नाहीत या नावांत. मुलींच्या वर्गात हे आवर्जून सांगा.

जुनी_वही
खडूताई, हा फलक लागणार कुठे? शेजारी काय आहे?

पांढरा_खडू
मुख्यमंत्र्यांचा फलक आहे, गेल्या वर्षीच झालाय. १९६०, यशवंतराव चव्हाण, तिथून सुरू. हा त्याच्याच मापाचा. बावीस ओळी आखूनही झाल्यात.

जुनी_वही
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! यशवंतरावही नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री होते, तरी तुमच्या फलकावर १९६० आहे. मग राज्यपालांनाही तोच नियम. उतरवून घ्या:

श्रीप्रकाश १९६०–६२, पी. सुब्बारायन १९६२, विजयालक्ष्मी पंडित १९६२–६४, पी. व्ही. चेरियन १९६४–६९, अली यावर जंग १९७०–७६, सादिक अली १९७७–८०, ओ. पी. मेहरा १९८०–८२, आय. एच. लतीफ १९८२–८५, कोना प्रभाकर राव १९८५–८६, शंकर दयाळ शर्मा १९८६–८७, के. ब्रह्मानंद रेड्डी १९८८–९०, सी. सुब्रमण्यम १९९०–९३, पी. सी. अलेक्झांडर १९९३–२००२, मोहम्मद फझल २००२–०४, एस. एम. कृष्णा २००४–०८, एस. सी. जमीर २००८–१०, के. शंकरनारायणन २०१०–१४, सी. विद्यासागर राव २०१४–१९, भगतसिंह कोश्यारी २०१९–२३, रमेश बैस २०२३–२४, सी. पी. राधाकृष्णन २०२४–२५.

एकवीस. सालांमध्ये जिथे खंड दिसतो तिथे हंगामी होते.

पणजीकर
आणि बाविसावी ओळ? राधाकृष्णन सप्टेंबर २०२५ मध्ये उपराष्ट्रपती झाल्यावर गुजरातच्या आचार्य देवव्रतांकडे अतिरिक्त कार्यभार आला. ते नाव घाला.

जुनी_वही
कोहलींना ओळ नाही तर देवव्रतांना कशी? पुढच्या नियमित नेमणुकीसाठी ठेवा ती ओळ.

वऱ्हाडकर
रिकामी कशाला? तिथे कलम ३७१(२) लिहा.

पांढरा_खडू
एकवीस नावं पेंटरला पाठवली. बाविसाव्या ओळीचं मुख्याध्यापकांना विचारते. फझल लिहू की फजल, तेवढं कुणीतरी सांगा, तो फोनवर थांबलाय.