मदत हवी आहे : फिजीच्या 'मासी'ला मराठीत काय म्हणावे?

केंब्रिज विद्यापीठाच्या पुरातत्त्व व मानववंशशास्त्र संग्रहालयातील फिजीच्या वस्तूंवर मी लेख लिहीत आहे. संग्रहालयाचे पहिले अभिरक्षक फॉन ह्यूगल १८७५ साली फिजीत गेले होते. त्यांनी तेथे जमवलेल्या वस्तूंचा अभ्यास आता फिजीतील जाणकारांच्या सहकार्याने होतो. अडचण शब्दांची आहे. तुतीच्या जातीच्या एका झाडाची आतली साल भिजवून, कुटून 'मासी' हे कापड करतात व त्यावर काळ्या-तांबूस रंगात नक्षी उमटवतात. त्याला 'वल्कल' म्हणावे का? मला तरी त्या शब्दाने आश्रमातले ऋषीच दिसतात. 'तांबुआ' म्हणजे दोरी ओवलेला, तेल लावून पिवळसर केलेला देवमाशाचा दात. तो मानाने अर्पण करतात, म्हणून त्याला 'दागिना' म्हणणे चुकीचे वाटते. संग्रहालयांत काम केलेल्यांनी कृपया सांगावे : अशा नोंदींत मूळ शब्दच ठेवावा, की मराठी पर्याय द्यावा?