मदत हवी आहे: मळ्यासाठी जुना ३६ एचपी घ्यावा की नवा २४ एचपी फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर?

नमस्कार मंडळी,

गाव मालवण तालुक्यात, खाडीला लागून. सव्वादोन एकर भात, त्यातला बराचसा मळा, म्हणजे खाडीकाठची सखल चिखलाची जमीन, आणि वर सड्याला, म्हणजे कातळाच्या माळावर, ८० हापूस कलमं. आजवर भाड्याच्या पॉवर टिलरवर भागलं. गेल्या वर्षी मात्र टिलरवाल्याची वाट बघण्यात तरवा (लावणीची भाताची रोपं) निबर झाला आणि खालचे दोन कुणगे (शेताचे तुकडे) पडीक राहिले. बाबांनी आयुष्यात ते कधी पडीक टाकले नव्हते. रोज संध्याकाळी तिथल्या बांधावर जाऊन उभे राहायचे. मला ते बघवत नव्हतं. यंदा मिरगाआधी ट्रॅक्टर दारात हवाच. शेजारच्या तीन घरांची चिखलणीही मीच करून देणार आहे.

एक जुना बघितलाय. ३६ एचपी, टू व्हील ड्राइव्ह (जोर फक्त मागच्या चाकांना), २००९ चा, मागतायत दोन लाख चाळीस हजार. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. चालू इंजिनावर ऑईलचं झाकण काढलं तर धुराची फुंकर येत होती, फार नाही, पण होती, म्हणजे इंजिन आतून झिजलं असावं. मडगार्डच्या आतून स्क्रू ड्रायव्हर टोचला, तो आरपार गेला. खारा वारा, दुसरं काय. शिवाय नोंदणीची १५ वर्षं २०२४ मध्येच संपलीत, नूतनीकरण केलेलं नाही. तरी बाबांचा जीव त्याच्यावरच. "जुन्या लोखंडाक मरान नाय," म्हणतात. चिरे नाहीतर शेणखत भरलेली ट्रॉली घाटी चढायची तर वजन लागतंच, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

दुसरीकडे नवे जिवो २४५ आणि कुबोटा बी२४४१, दोन्ही २४ एचपी, फोर व्हील ड्राइव्ह (जोर चारही चाकांना). कोटेशन सहा लाखांच्या घरात, रोटाव्हेटर (मागे जोडायचं चिखलणीचं अवजार) वेगळा. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी पोर्टलवर, अनुदानाचा अर्ज केलाय, पण ते नव्यालाच मिळतं आणि निवड कधी होईल त्याचा भरवसा नाही. म्हणजे कर्ज काढावं लागणार.

माझा कल नव्याकडे आहे. कारण आमची वाट. मळ्यात उतरायला दोन गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) अरुंद पाणंद आहे. जुना तिथून जाईल, पण दोन्हीकडे वीतभरही जागा उरत नाही. आणि मळ्यात जुलैत गुडघाभर चिखल असतो, त्यात जड टू व्हील रुतला तर ओढून काढायला दुसरा ट्रॅक्टर तिथपर्यंत पोचायचा नाही. कलमांच्या खाली वाकलेल्या फांद्यांतून बेणणीला (तण काढायला) आणि फवारणीला फिरायलाही छोटाच बरा.

ज्यांनी मळेशेतीत २४ एचपी वापरलाय त्यांनी सांगा: खोल चिखलात चार फुटी रोटाव्हेटर ओढताना दम टिकतो का? पुढच्या एक्सलची ऑईल सीलं चिखलाने किती पावसाळ्यांत जातात? भरलेली ट्रॉली चढाला नेताना पुढचं तोंड उचलतं का, वजनं लावून भागतं का? आणि जुना घेऊन इंजिनाचं काम कोणी केलं असेल, तर एकूण खर्च किती आला?

जुन्याच्या मालकाला शनिवारी सकाळी उत्तर द्यायचंय. त्याच्याकडे कुडाळचं दुसरं गिऱ्हाईक आहे.