नव्याचे नऊ दिवस: गेम पहिल्या दिवशी घ्यावा की थांबावं?

सेव्हपॉइंट (धागाकर्ता)

थेट मुद्द्यावर येतो. गेम बाहेर यायच्या आधीच त्याचे पैसे भरून ठेवणं, म्हणजे प्री-ऑर्डर, हा प्रकार डिस्कच्या काळातला आहे. दुकानात मोजक्या डिस्क यायच्या, संपल्या की पुढच्या खेपेपर्यंत थांबा. तेव्हा नाव नोंदवून ठेवण्यात अर्थ होता. डाउनलोडचा साठा कधी संपतो? तरी लोक महिनोन्महिने आधी पैसे भरतात आणि बदल्यात मिळतं काय, तर गेममधली एक सोनेरी तलवार, जी थोडं पुढे गेलं की निरुपयोगी होते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

सायबरपंक २०७७ ची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातला महत्त्वाचा भाग बहुतेकजण विसरतात. गेम २०१२ मध्ये जाहीर झाला, १६ एप्रिल २०२० ही तारीख ठरली, ती तीनदा पुढे गेली आणि अखेर १० डिसेंबर २०२० ला तो आला. तोवर ८० लाख प्री-ऑर्डर झाल्या होत्या. समीक्षकांना आधी फक्त पीसीची आवृत्ती मिळाली, आणि स्वतः रेकॉर्ड केलेलं चित्रण परीक्षणात वापरायलाही मनाई होती. पीएस४ आणि एक्सबॉक्स वन या कन्सोलवर गेम कसा चालतो हे कुणाला धड दाखवलंच नव्हतं. म्हणजे लपवाछपवी उघड्यावर चालली होती! आठवडाभरात पीएस४ बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या स्टोअरमधून काढला, परत आला तो जून २०२१ मध्ये.

तेव्हापासून ट्रेलरमध्ये काय दाखवलंय यापेक्षा काय टाळलंय ते मी बघतो. ज्या मशीनवर मी खेळणार त्यावरचं चित्रण आहे का? सलग, न कापलेला खेळ दाखवलाय का? नसेल तर गेम कितीही आवडीचा असो, पैसे नंतर.

उत्सुकतेला माझा विरोध नाही. ट्रेलरची एकेक फ्रेम थांबवून बघा, अंदाज बांधा, भांडा. फक्त ती मजा आणि खरेदी यांची गाठ मारू नका. तुमचं काय मत?

रात्रपाळी

साफ असहमत.

तुम्ही गेमला वस्तू समजताय. मला तो एक प्रसंगही वाटतो, आणि प्रसंगाला वेळ असते. सिल्कसाँग हा गेम फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ ला आला. मधली साडेसहा वर्षं लोकांनी विनोद करण्यात, खोट्या तारखा पसरवण्यात आणि नव्या गेम्सच्या प्रत्येक शोकेसमध्ये निराश होण्यात घालवली. आला त्या दिवशी गर्दीने स्टीम (पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान) आणि इतर स्टोअर्स कोलमडली. पहिल्या आठवड्यात कुणाकडेच नकाशा नव्हता. एखाद्या भिंतीमागे वाट आहे की नाही हे विचारायचं तर समोरचाही तुमच्याइतकाच अडाणी. तो आठवडा नंतर कुठल्या सेलमध्ये मिळतो?

एल्डन रिंगचंही तेच. तो आला तेव्हा, फेब्रुवारी २०२२ मध्ये, इतर खेळाडूंनी गेममध्ये जमिनीवर लिहिलेला प्रत्येक संदेश ‘पुढे खजिना आहे’ म्हणत कड्यावरून उडी मारायला लावत होता आणि आपण मारतही होतो. तीन महिन्यांनी प्रत्येक बॉसचं (मोठ्या शत्रूचं) विकी पान तयार, कुठली तलवार सर्वोत्तम याची यादी तयार. तुम्ही थांबता म्हणजे दुसऱ्यांनी सोडवलेलं कोडं विकत घेता.

उगाच_एक

रात्रपाळी +१. आणि जोखीम कसली? स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मिळतात. प्री-ऑर्डर केलेला गेम यायच्या आधी कधीही रद्द करता येतो. २०१५ पासून आहे ही सोय. विषय संपला.

तिसरा_अंक

विषय संपत नाही, कारण दोन तासांत काय कळतं? एखाद्या मोठ्या आरपीजीत (स्वतःचं पात्र घडवून खेळायच्या गेममध्ये) तेवढा वेळ पात्राचं नाक ठरवण्यात जातो. कामगिरी खराब असेल, क्रॅश होत असेल, तर ते कळेल. पण गोष्ट मध्येच ढेपाळते, शेवटच्या भागात घाई केलीय, वीस तासांनंतर तीच ती कामं, हे सगळं रिफंडची खिडकी बंद झाल्यावरच दिसतं.

बाल्डर्स गेट ३ सारखा गेमही यातून सुटला नाही. ऑक्टोबर २०२० पासून तो, पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला, म्हणजे अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये होता. जवळजवळ तीन वर्षं लोक खेळत होते, पण खेळत होते तो फक्त पहिला अंक. ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण गेम आला तेव्हा पहिला अंक घोटून घोटून गुळगुळीत झालेला, आणि तक्रारी आल्या त्या तिसऱ्या अंकाच्या: शहरात शिरलं की फ्रेमरेट घसरतो (चित्र अडखळतं), बग दिसतात. (माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.) गेम उत्तमच आहे, वादच नाही. पण ‘आधी बघून घेतलं’ या समाधानाला किती मर्यादा आहेत ते यातून दिसतं.

वाळूचा_किल्ला

मी एका छोट्या स्टुडिओत काम करते, तेव्हा दुसरी बाजू सांगते. धागा वाचून जरा धस्स झालं.

मोठ्या गेमसाठी तुम्ही तीन महिने थांबलात तर त्यांचं फार बिघडत नाही. आमचं बिघडतं. स्टीमवर गेमच्या पानावर ‘पॉझिटिव्ह’, ‘मिक्स्ड’ असा शेरा दिसायलाच किमान १० परीक्षणं लागतात. तोवर पान मुकं. गेम विशलिस्टमध्ये (घ्यायच्या यादीत) टाकून ठेवलेले लोक पहिल्या दिवसांत आलेच नाहीत, तर स्टीम आमचा गेम इतरांना दाखवत नाही आणि मग कुणीच येत नाही. ‘पॅच (दुरुस्ती) येऊ दे, मग घेतो’ असं सगळ्यांनीच म्हटलं तर तो पॅच बनवायला माणसंच उरणार नाहीत.

तारखेचंही तसंच. सिल्कसाँगची तारीख अवघे दोन आठवडे आधी जाहीर झाली आणि डीमनस्कूलसारख्या छोट्या गेम्सनी घाईघाईने आपली तारीख पुढे नेली. मोठ्यांनाही हे चुकत नाही. टायटनफॉल २ ऑक्टोबर २०१६ मध्ये बॅटलफील्ड १ आणि कॉल ऑफ ड्यूटी यांच्या मध्ये सापडला. इतका सुंदर सिंगल प्लेअर (एकट्याने खेळायचा भाग), पण विक्रीत मार खाल्ला. लोकांनी त्याची वाट पाहिली नाही असं नाही, ते त्या पंधरवड्यात दुसरं काहीतरी खेळत होते.

सेव्हपॉइंट (धागाकर्ता)

@वाळूचा_किल्ला, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण तो मला लागू होत नाही. मी प्री-ऑर्डरवर बोलतोय. छोट्या गेमचा बहुतेक वेळा डेमो (चाखायला दिलेला छोटा भाग) असतो. स्टीमच्या नेक्स्ट फेस्टमध्ये शेकडो डेमो फुकट खेळायला मिळतात. डेमो आवडला तर पहिल्या दिवशी घ्यायला माझी ना नाही, कारण गेम मी हातात घेऊन पाहिलाय. ज्या गेमकडे जाहिरातीला अमाप पैसा आहे आणि डेमो द्यायला मात्र वेळ नाही, त्याच्याबाबतीत थांबायचं. जाहिरात जितकी मोठी तितका माझा धीर मोठा.

@रात्रपाळी, पहिल्या आठवड्याची मजा मान्य. पण जो सायबरपंकसाठी सप्टेंबर २०२३ पर्यंत थांबला त्याला २.० पॅच मिळाला. पर्क्सची (पात्राच्या खास क्षमतांची) रचना नवी, पोलीस नवे, शिवाय फँटम लिबर्टी हा नवा जोडभाग. त्याच नावाचा बराच चांगला गेम. तुमच्या हिशेबात त्याने काय गमावलं?

रात्रपाळी

गमावलं काहीच नाही, पण तुम्ही उदाहरण सोयीचं निवडलंत. प्रत्येक गेम सुधारत नाही. कॉनकॉर्ड हा ऑनलाइन गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. थांबणाऱ्यांना तो बघायलाही मिळाला नाही.

उगाच_एक

थांबणारे त्याबद्दल फार दुःखी दिसत नाहीत. 😄

रात्रपाळी

😄 बरोबर. आणि पैसेही परत मिळाले सगळ्यांना. पण मुद्दा असा की ऑनलाइन गेम हा खेळणाऱ्यांवर जगतो. तिथे ‘सहा महिन्यांनी बघू’ म्हणजे रिकाम्या लॉबीत (खेळाडू जमतात त्या जागेत) जाऊन बसणं.

फ्रेमरेट

कधी घ्यायचा यावर सगळे तुटून पडलेत. कुठला घ्यायचा, हा प्रश्न कुणी घेतच नाहीये, आणि मला तोच जास्त अवघड वाटतो.

बहुतेकांचा ठोकताळा एकच: स्टुडिओचं नाव बघा. ज्यांनी आधी चांगला गेम केला त्यांच्यावर भरवसा ठेवा. हा ठोकताळा दोन्ही बाजूंनी फसतो. सायबरपंक करणारे कोण होते? गाजलेला द विचर ३ करणारेच. फसलेला अँथम कुणी केला? गाजलेल्या मास इफेक्टवाल्या बायोवेअरने. उलट, क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपेडिशन ३३ हा सँडफॉल स्टुडिओचा पहिलाच गेम. पूर्वेतिहास बघून घ्यायचं ठरवलं असतं तर तो यादीत आलाच नसता. त्यातून २४ एप्रिल २०२५ ला तो आला, त्याच्या दोनच दिवस आधी ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड अचानक बाजारात. तरी टिकला, आणि वर्षअखेरीस गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम ठरला. बलाट्रो तर एका माणसाने केलाय आणि त्याचा विषय पोकर! कागदावर वाचून कोण उडी मारेल? स्टुडिओ म्हणजे दारावरची पाटी. आत कोण बसलंय ते दर काही वर्षांनी बदलतं.

मी बघतो ते हे: मिनिटामिनिटाला माझे हात काय करणार? गोष्ट, जग, संगीत हे ट्रेलर सांगतो. हाताला काय काम ते सांगत नाही. म्हणून कुणीतरी न बोलता खेळलेला पंधरा-वीस मिनिटांचा साधा व्हिडिओ शोधायचा. पडद्यावर आरोग्याची पट्टी, गोळ्यांचा आकडा, नकाशा दिसतोय का? कॅमेरा खेळणारा फिरवतोय की तो सिनेमासारखा आपोआप फिरतोय? शत्रू मरतो तेव्हा खेळणारा पुढे काय करायचं ते ठरवतोय, की रांगेत पुढे चाललाय? ‘इन-इंजिन’ असं खाली लिहिलं की लोक खूश होतात, पण त्याचा अर्थ एवढाच की ते त्या इंजिनात बनवलंय. तुमच्या मशीनवर, तुमच्या हातात ते तसंच असेल असा नाही. वॉच डॉग्ज २०१२ च्या ई३ या गेम प्रदर्शनात जसा दिसला आणि मे २०१४ मध्ये जसा आला, ते दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघा. पाऊस, वारा, प्रकाश, काय काय गळालं ते कळेल.

आणि एक, ज्याला किंमत नाही असं लोकांना वाटतं: गेम किती लांब आहे. शंभर तासांचा गेम म्हणजे पुढचे तीन-चार महिने दुसरं काही नाही. तो चांगला असला तरी या घडीला माझा नाही, असं म्हणता आलं पाहिजे.

तिसरा_अंक

@फ्रेमरेट, सुरेख. यात एम्बार्गोची, म्हणजे परीक्षणं कधी छापायची यावरच्या बंदीची, भर घालतो. परीक्षणं गेम यायच्या चार-पाच दिवस आधी येऊ दिली असतील तर करणाऱ्यांना आत्मविश्वास आहे. विक्री सुरू होते त्याच मिनिटाला परीक्षणं येणार असतील तर सावध राहायचं.

रात्रपाळी

हाही नियम सिल्कसाँगने मोडलाच की. तो बनवणाऱ्या टीम चेरीने कुणालाच आधी प्रत दिली नाही. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे देणाऱ्यांच्या आणि इतर खेळाडूंच्या आधी समीक्षकांनी खेळणं त्यांना बरोबर वाटलं नाही. तुमच्या कसोटीने तो संशयित ठरला असता.

तिसरा_अंक

त्यांनी कारण उघड सांगितलं. मला गप्प राहणाऱ्यांचा संशय येतो. शिवाय त्या गेमची प्री-ऑर्डरही नव्हती. आधी पैसे घेतलेच नाहीत तर लपवून मिळवायचं काय? उलट द डे बिफोर हा गेम बघा. एकेकाळी स्टीमच्या विशलिस्टमध्ये सगळ्यांत वर. ७ डिसेंबर २०२३ ला आला आणि चार दिवसांत स्टुडिओने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. विशलिस्टचा आकडा लोकांची इच्छा सांगतो, गेमबद्दल काही सांगत नाही.

वाळूचा_किल्ला

विशलिस्टला नावं ठेवू नका हो, आमचं पोट त्यावर आहे. 🙂 बाकी एम्बार्गोबद्दल: छोट्या गेमला उशिरा परीक्षण मिळतं ते बहुतेकदा कुणाला वेळ नसतो म्हणून. त्यातून अर्थ काढू नका.

नोमॅन्स_लँड

सगळेच घाईत आहात. नो मॅन्स स्काय ऑगस्ट २०१६ ला आला तेव्हा शिव्या खाल्ल्या, धड मल्टिप्लेअर (इतरांसोबत खेळायची सोय) मिळाला जुलै २०१८ च्या नेक्स्ट अपडेटमध्ये. मी तेव्हापासून एकच करतो: गेम आला की त्याचं नाव वहीत लिहायचं आणि दोन वर्षांनी, सगळ्या डीएलसींसकट (नंतर येणाऱ्या जोडभागांसकट), बघायचं. तोवर निम्म्या नावांची इच्छाच उरलेली नसते. घेऊन न उघडलेल्या गेम्सचा ढीग माझ्याकडे नाही, इथे किती जणांना असं म्हणता येईल?

उगाच_एक

यावर मी गप्प बसतो.

रात्रपाळी

@नोमॅन्स_लँड, तुम्ही खेळता की हिशेब ठेवता? इच्छा मरेपर्यंत थांबायचं आणि मग वाचलो म्हणायचं, हे मला नाही जमणार. त्या निम्म्या नावांतला एखादा गेम तुम्हाला तेव्हा वेड लावून गेला असता, हे वहीत कुठे लिहिलंय?

नोमॅन्स_लँड

लिहिलेलं नाही. पण आवडला नसता तर काय, तेही लिहिलेलं नाही.

सेव्हपॉइंट (धागाकर्ता)

मग खरी परीक्षा रॉकस्टार कंपनीच्या जीटीए ६ या गेमला. २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, आता १९ नोव्हेंबर २०२६. सायबरपंकच्या वेळी ‘गोल्ड’ झाल्याची (म्हणजे गेम तयार असल्याची) घोषणा करूनही तीन आठवड्यांत तारीख पुढे गेली होती, त्यामुळे याही तारखेवर मी सुट्टी टाकणार नाही. पहिले दोन आठवडे बघेन, ज्या कन्सोलवर खेळणार त्यावरचं चित्रण बघेन, मग घेईन.

रात्रपाळी

मी पहिल्या रात्री. दोन आठवडे तुम्हाला इंटरनेट बंद ठेवावं लागेल, नाहीतर गोष्ट फुटलीच म्हणून समजा.

फ्रेमरेट

आमच्याकडे फक्त पीसी आहे आणि आतापर्यंत जाहीर झालाय तो पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. थांबायचं की नाही ते रॉकस्टारनेच आमच्या वतीने ठरवून टाकलंय. चालू द्या तुमचं.