चर्चा: रेडिएशनमध्ये नोकरी केली त्यांच्या हार्टचं कोण बघणार?

रंकाळाकाठ
मामा 34 वर्षं अणुवीज केंद्रात मेंटेनन्सला होते, आता राजारामपुरीत असतात, मागच्या महिन्यात बायपास झाली. डॉक्टरांनी तंबाखू विचारला, सिगरेट विचारली, शुगर, बीपी, वडिलांना काय होतं का, सगळं विचारलं पण नोकरी काय केली ते काय विचारलं नाही. मामांनीच आपणहून सांगितलं तर म्हणे त्यानं कॅन्सर होतो, हार्टचा काय संबंध. मला पण तसंच वाटायचं. मग रात्री वाचत बसलो तर फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका मिळून 3 लाख 8 हजार अणुकामगारांचा अभ्यास सापडला, इनवर्क्स नावाचा, 2017 ला त्यातला हार्ट आणि पॅरालिसिसचा भाग आलाय. अंगावर लावायच्या रेडिएशन मोजणाऱ्या बॅजवरचा डोस वाढेल तसे या आजारांनी होणारे मृत्यू पण वाढलेत, एका सिव्हर्टला (डोस मोजायचं माप) 22 टक्के. म्हणून माझं मत, डोसचं कार्ड हार्टच्या डॉक्टरच्या फाईलला लागलंच पाहिजे आणि रिटायर झाल्यावर पण तपासणी चालू पाहिजे.

पांढरा_रस्सा
रविवारी मटण, रोज सकाळी मिसळ वर कट मागून, आणि बिल फाडायचं रेडिएशनच्या नावावर. भारी आहे भावा.

रिटायर_मास्तर
चेष्टा सोडा, पण 22 टक्के वाचून कुणी घाबरू नका. एक सिव्हर्ट म्हणजे 1000 मिलिसिव्हर्ट. आपल्याकडं एईआरबीची, म्हणजे रेडिएशनचे नियम ठरवणाऱ्या सरकारी मंडळाची, कामगारांसाठी मर्यादा 5 वर्षांत मिळून 100 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30. त्या अभ्यासातल्या लोकांची अख्ख्या नोकरीची सरासरीच 25 च्या आसपास आहे, त्याचं गणित केलं तर वाढ अर्धा टक्का. मामांचा आकडा किती?

रंकाळाकाठ
180, सर. कार्ड आहे, निम्मं हातानं लिहिलेलं.

रिटायर_मास्तर
मग 4 टक्के धरा. म्हणजे जिथं 100 जण हार्टनं जाणार होते तिथं 104. आता मामा त्या 100 मधले का वरच्या 4 मधले, हे कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही, आणि तो अभ्यास मृत्यूंचा आहे, बायपासचा नाही. शिवाय कामगारांच्या सिगरेटची माणूसवार नोंद त्यात नाही, हे मोठं भोक आहे. आयसीआरपीनं, म्हणजे रेडिएशन सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं, पण हार्टसाठी सावधगिरीची रेघ 0.5 ग्रेला मारलीय, ग्रे हे डोसचं दुसरं माप, गॅमा किरणांसाठी ते 500 मिलिसिव्हर्टच झाले. मामा त्याच्या निम्म्यावर पण नाहीत.

कॅथलॅबवाली
सर, सिगरेटचा मुद्दा बरोबर, पण त्यानं आकडा फुगायला ज्याचा डोस जास्त तोच जास्त ओढणारा पाहिजे ना. याच कामगारांच्या कॅन्सरच्या अभ्यासात फुप्फुसाचा कॅन्सर बाजूला काढून परत हिशोब केला तरी आकडा जवळपास तेवढाच राहिला, सगळा खेळ सिगरेटचा असता तर तो धाडकन पडला असता. आणि ती 0.5 ग्रेची रेघ म्हणजे त्याच्या खाली काही होत नाही असा अर्थ नाही, तेवढ्या डोसला साधारण शंभरात एकाला त्रास होईल असा तो अंदाज आहे. 2023 ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 93 अभ्यास एकत्र केलेत त्यात कमी डोसला पण धोका दिसतोय. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर दुखावतं, सूज राहते, चरबी चिकटते, असं कारण सांगतात, आणि हे व्हायला वर्षानुवर्षं जातात म्हणूनच तर रिटायर झाल्यावर बघा म्हणतोय ना आम्ही.

रिटायर_मास्तर
ताई, त्याच 93 मध्ये एकमेकांशी न जुळणारे निकाल किती आहेत ते पण त्यांनीच लिहिलंय. रशियाचा मायाक अणुकारखाना घ्या, 1948 पासूनचे कामगार, डोस सरासरी अर्ध्या ग्रेच्या घरात, सिगरेट दारूची पण नोंद आहे. तिथं मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार डोसबरोबर वाढलेले दिसतात पण मृत्यूत तसं स्पष्ट दिसत नाही. एवढ्या मोठ्या डोसला ही गत, तर 180 वर काय बोलायचं? उगंच हजारो माणसांना टेन्शन देऊन त्यांचं बीपी वाढवायचं.

कॅथलॅबवाली
माणूस मेला नाही पण पॅरालिसिसनं 10 वर्षं खाटेवर पडला तर ते मोजायचंच नाही का? बीपीची तपासणी किती रुपयाची होते सर. आम्ही कॅथलॅबमध्ये, एक्सरेवर बघत अँजिओग्राफी करतात तिथं, शिशाचा एप्रन घालून दिवसभर उभं राहतो, आत बॅज, दर तीन महिन्याला रिपोर्ट येतो आणि तो फाईलला लागतो, बस. डोळ्याच्या मोतीबिंदूचं तरी कुणीतरी विचारतं, हार्टचं आजपर्यंत एकानं पण नाही.

पांढरा_रस्सा
बरं मटण सोडायचं का मामांनी ते सांगा.

रिटायर_मास्तर
तंबाखू आधी सोडायला सांगा. आणि कार्ड फाईलला लावा की, त्याला माझी ना नाहीच, फक्त नुकसानभरपाईच्या गोष्टी त्यावर रचू नका.

शिरोलीचा_फौंड्रीवाला
मी मगासपासून वाचतोय. आमच्याकडं मोठ्या कास्टिंगची रेडिओग्राफी होते, म्हणजे आतला दोष बघायला एक्सरेसारखा फोटो, इरिडियमचा रेडिएशन सोर्स घेऊन पार्टी येते रात्री, दोरी बांधून बाकीच्यांना लांब घालवतात. मी दोन वर्षं त्यातच काम केलंय दुसऱ्या एकाकडं. तुम्ही डोसवर भांडताय, आमचा बॅज ऑफिसात खिळ्याला असायचा, हरवला तर पैसे कापतील म्हणून. रिपोर्ट दर वेळी एकदम क्लीन.

रंकाळाकाठ
म्हणजे कार्डावर शून्य?

शिरोलीचा_फौंड्रीवाला
शून्य. खिळ्याचं हार्ट मात्र एकदम ठणठणीत असणार.