एकाच उमेदवाराचे चार फोनवर चार संदेश

गिरणगावकर : आम्ही लालबागला राहतो. महापालिका निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात वडिलांच्या फोनवर एका उमेदवाराच्या आवाजातला संदेश आला. त्यात वडिलांना नावाने हाक मारून गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न धसास लावण्याचे वचन दिले होते. वडील १९८२च्या संपापर्यंत गिरणीत होते, त्यामुळे ते ऐकताना गहिवरले. त्याच उमेदवाराने आईला रात्रपाळीहून परतणाऱ्या मुलींच्या सुरक्षिततेबद्दल लिहिले होते. माझ्याकडे आलेल्या चित्रफितीत मात्र परप्रांतीयांनी आपल्या मुलांच्या नोकऱ्या बळकावल्याची चिथावणीखोर भाषा होती. समोरच्या दारातले शेजारी मूळचे बिहारचे आहेत. त्यांना छठपूजेसाठी उत्तम व्यवस्था करण्याचे आश्वासन मिळाले होते. चारही फोन आमच्या जेवणाच्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवले, तेव्हा कुठे हा प्रकार आमच्या लक्षात आला. वडील गिरणीत होते हे उमेदवाराला कसे कळले, आणि हा नुसता प्रचार मानावा की लोकशाहीला लागलेली कीड, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

यादीभाग : निवडणुकीची माहिती सांभाळणाऱ्या एका कंपनीत मी काही काळ काम केले आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो. मतदारयादीत नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, लिंग आणि घर क्रमांक असतो. त्यात मोबाइल क्रमांक, जात किंवा व्यवसाय नसतो. ती उणीव मोफत नेत्रतपासणी शिबिर, वह्यावाटप, हळदीकुंकू, देवदर्शनाच्या सहली अशा ठिकाणी भरून घेतलेल्या अर्जांतून भरून निघते. आपल्या वडिलांनी अशा एखाद्या अर्जावर 'पूर्वीचा व्यवसाय' लिहिला होता का, ते त्यांना विचारून पाहा. अर्जावरचे नाव आणि पत्ता यादीशी जुळवले, आडनावावरून भाषा आणि मूळ गावाचा अंदाज बांधला, की प्रत्येक मतदारापुढे एक रकाना तयार होतो : याच्याशी कोणत्या विषयावर बोलायचे. हे काम आम्ही साध्या तक्त्यात करत होतो. आता उमेदवाराच्या आवाजाची नक्कल करून हजारो जणांना नावानिशी हाक मारता येते, आणि खर्चही फारसा येत नाही.

समाजमाध्यमांवर तर अर्जाचीही गरज उरत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले होते की फेसबुकवरच्या साधारण ३०० 'लाइक'वरून संगणक एखाद्याच्या स्वभावाचा जो अंदाज बांधतो, तो त्या व्यक्तीच्या जोडीदाराच्या अंदाजापेक्षा अचूक ठरतो.

साशंक : माहिती उपयुक्त आहे, पण या तंत्राला नको तेवढी शक्ती बहाल करू नये. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचाराचे काम करणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात एका अ‍ॅपमार्फत फेसबुकवरच्या ८.७ कोटींपर्यंत लोकांची माहिती गेली असावी, असे फेसबुकने २०१८ साली मान्य केले. भारतात ते अ‍ॅप फक्त ३३५ जणांनी घेतले होते, तरी त्यांच्या मित्रयादीतून सुमारे ५.६२ लाख लोक त्यात ओढले गेले असावेत. ही चोरी गंभीरच होती. मात्र ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२०मध्ये चौकशीअंती सांगितले की त्या कंपनीच्या पद्धती बाजारात सर्रास वापरल्या जाणाऱ्याच होत्या. माणसाचे मत कळ दाबून फिरवता येते, असा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. चाळीचाळीत जातीपातीची गणिते मांडून प्रचार करणारे कार्यकर्ते मुंबईने पूर्वीही पाहिले आहेत.

वकिलीण : साशंक यांचा मुद्दा मान्य करूनही मला वाटते की धोका वेगळ्या जागी आहे. शिवाजी पार्कवर किंवा कामगार मैदानावर नेता जे बोलत असे, ते त्याचे समर्थक, विरोधक आणि वार्ताहर एकाच वेळी ऐकत. दुसऱ्या दिवशी विरोधक त्याचा समाचार घेत आणि नेत्याला आपल्या शब्दाला बांधून राहावे लागे. गिरणगावकर यांच्या घरातल्या प्रकारात तरुण मुलाला ज्यांच्याविरुद्ध भडकवले, त्यांनाच समोरच्या दारात सणाचे आश्वासन दिले, आणि दोघांनाही दुसऱ्याचा संदेश दिसण्याची सोय नव्हती. जे बोलणे कोणाला ऐकूच येत नाही, त्याला उत्तर कोण देणार? मत बदलले की नाही हे मोजण्याआधीच सार्वजनिक वाद घालण्याची जागा नाहीशी होते, आणि मला याची मनापासून भीती वाटते.

कायद्याचे म्हणाल, तर २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती ठरावीक हेतूपुरतीच असते. डोळे तपासण्यासाठी दिलेला क्रमांक प्रचाराला वापरण्याची मुभा त्यातून मिळत नाही. परंतु नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यास १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणून या निवडणुकीत त्यांचा आधार नव्हता. युरोपीय संघात ऑक्टोबर २०२५पासून राजकीय जाहिरातीसोबत तिचे पैसे कोणी दिले आणि ती कोणाला लक्ष्य करून दाखवली, हे सांगणे बंधनकारक आहे. आपल्याकडे निदान एवढी मागणी तरी करायला हवी. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे आपली तक्रार तिकडेच करावी, आणि चारही संदेश तारखेसह जपून ठेवावेत.

गिरणगावकर : सर्वांचे आभार. वडिलांना विचारले. गेल्या वर्षी शिबिरात त्यांनी खरोखरच अर्ज भरला होता आणि त्यात गिरणीचे नावही लिहिले होते. शेजाऱ्यांनी त्यांचा संदेश मला पाठवला आहे. माझ्याकडची चित्रफीत त्यांना दाखवताना मला फार अवघड गेले. चारही संदेश जोडून आम्ही दोन्ही घरांच्या सह्यांनी तक्रार लिहीत आहोत. वडील सही करायला तयार आहेत, पण ते पुन्हा पुन्हा एकच विचारतात : तो मुलगा माझा हात धरून मला खुर्चीवर बसवत होता, तेव्हाही तो हेच लिहून घेत होता का?