मदत हवी आहे: डिस्चार्जच्या वेळी पेशंट "हो, समजलं" म्हणतात आणि घरी जाऊन गोळ्या उलटसुलट घेतात

नमस्कार. मी मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. मागच्या आठवड्यात जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून विचारतेय.

संधिवाताच्या एका मावशींना मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच आणि फॉलिक ॲसिड बाकीच्या दिवशी असं लिहून दिलं होतं, मी स्वतः डिस्चार्ज कार्ड वाचून दाखवलं, त्या मान हलवत होत्या, मुलगा तेव्हा बिल भरायला गेलेला. बारा दिवसांनी तोंडभर फोड घेऊन परत ॲडमिट. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स दोन्ही खूप खाली. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या, त्यामुळे अदलाबदल झाली, मेथोट्रेक्सेट रोज आणि फॉलिक ॲसिड आठवड्यातून एकदा. ल्युकोव्होरिन (मेथोट्रेक्सेटवरचा उतारा) दिलं, आता बऱ्या आहेत, पण परवा माझा हात धरून म्हणाल्या "सिस्टर, तुम्ही सांगितलं तसंच घेतलं हो". तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

वॉर्डात आपण प्रत्येक डोसला योग्य पेशंट, योग्य औषध, डोस, मार्ग, वेळ सगळं बघतो, इन्सुलिन तर दोघी मिळून चेक करतो. आणि तेच औषध घरच्यांच्या हातात देताना पाच मिनिटं, तीही बेड रिकामा करायच्या घाईत. ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला आपण असा ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती, घाईत कधीच देणार नाही.

टीच-बॅक माहीत आहे, म्हणजे "समजलं का?" न विचारता पेशंटलाच "घरी कसं घेणार ते सांगा" म्हणायचं. करून बघितलं. एक काका चिडले, माझी परीक्षा घेताय का म्हणाले, मग मीच गप्प बसले. तर हे न दुखावता कसं विचारायचं? आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तुम्ही काय करता?

प्रतिसाद १
ताई, आधी स्वतःला दोष देणं थांबवा, मेथोट्रेक्सेट रोज घेतलं जाणं ही जगभर होणारी चूक आहे. मी विचारताना चूक माझ्याकडे घेते, "मी बऱ्याच पेशंटना सांगते, माझ्याकडून काही राहिलं का ते बघायचंय, उद्या सकाळी कुठली गोळी घेणार दाखवा बरं". असं विचारलं की कोणी चिडत नाही. हातात कार्ड नाही, गोळ्यांची स्ट्रिपच द्यायची, त्यांनीच उचलून दाखवायची. आणि डिस्चार्जच्या दिवसाची वाट बघू नका, ॲडमिट असताना रोज गोळी देतो तेव्हाच एकेक वाक्य सांगत जायचं. वाचता येत नसेल तर स्ट्रिपवर सूर्य आणि चंद्र काढते.

प्रतिसाद २
मेथोट्रेक्सेटसाठी आम्ही डॉक्टरांकडून वाराचं नाव लिहूनच घेतो, "आठवड्यातून एकदा" एवढ्यावर सोडत नाही, आणि ती स्ट्रिप वेगळ्या पाकिटात. वार चुकला तरी दोन डोस एकदम घ्यायचे नाहीत. तोंडात फोड, ताप, अंगावर निळे डाग, कोरडा खोकला किंवा धाप यातलं काहीही झालं तर पुढची गोळी न घेता लगेच फोन, हे पेशंटकडून वदवून घेतो. इन्सुलिनवाल्यांना सिरिंज घेऊन यायलाच सांगा. 40 युनिटची (म्हणजे एका मिलीत 40 युनिट) बाटली आणि 100 ची सिरिंज असेल तर 10 च्या खुणेपर्यंत भरलं तरी जातात फक्त 4 युनिट. उलट झालं, म्हणजे 100 ची बाटली आणि 40 ची सिरिंज, तर 10 च्या जागी 25 जातात आणि शुगर धाडकन खाली. हे तोंडी सांगून कळत नाही, पाणी भरून दाखवावं लागतं. आणि घरी औषध जो देणार तो समोर नसेल तर आम्ही समजावणं पुढे ढकलतो, डिस्चार्ज तासभर लांबला तरी.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. स्ट्रिप हातात द्यायचं उद्यापासूनच सुरू करते, आणि मावशींना या वेळी मुलासमोरच सांगणार. अजून एक, घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांनी पेशंटला फोन कोणी करतं का तुमच्याकडे? तो कोण करतं, ड्युटीवरची सिस्टर की वेगळं कोणी, आणि त्याची नोंद कुठे ठेवता? इनचार्ज सिस्टरना विचारायचंय, त्याआधी नीट माहिती हवी.