'प्रातिनिधिक छायाचित्र' आणि एआयने भरलेल्या कडा

प्रश्न : म्हापशात स्मरणिका आणि दिवाळी अंकांची पाने लावतो. इनडिझाईन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो चौकटीला अपुरा पडला, तर 'जनरेटिव्ह एक्स्पांड' या एआय सोयीने उरलेली जागा भरता येते. अशा फोटोखाली 'प्रातिनिधिक छायाचित्र' लिहिले तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. 'प्रातिनिधिक' म्हणजे फोटो खराच, फक्त या प्रसंगाचा नव्हे. 'संग्रहित' म्हणजेही खराच, पण जुना. दोन्ही शब्द एक ग्वाही देतात, की कॅमेऱ्यासमोर हे खरोखर होते. यंत्राने भरलेल्या भागाबद्दल ती देता येत नाही.

मंगेशीच्या दीपमाळेचा उभा फोटो घ्या. पान आडवे, म्हणून दोन्ही बाजूंना जागा उरते. सॉफ्टवेअर वर आभाळ बेमालूम जुळवते, ते ठीक. पण खाली, प्रांगणात, ते मनानेच एखादी कमान उभी करील किंवा कठडा ओढील. मंगेशीला गेलेला माणूस चटकन ओळखेल. न गेलेला तेच देऊळ मानील. आपल्याकडे देवस्थानांच्या स्मरणिका पुढे संदर्भ म्हणून उघडल्या जातात, म्हणून हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मग लिहायचे काय? 'विस्तारित' नको, 'वाढवलेले' तर नकोच. छापखान्यात फोटो वाढवणे म्हणजे मोठा करणे. 'एआयने कडांना भर घातलेले छायाचित्र' हे लांबते, पण त्यातून नेमके कळते. 'टेक्स्ट टू इमेज'ने वर्णनावरून काढलेल्या चित्राला सरळ 'एआयनिर्मित चित्र' म्हणावे. तिथे 'छाया' हा शब्द आणूच नये, कारण छाया पडायला वस्तू लागते. 'संकल्पचित्र'ही नको. तो शब्द नियोजित पूल, इमारती यांच्यासाठी रुळलेला आहे.

फायरफ्लाय या अ‍ॅडोबीच्या एआयने केलेल्या चित्रासोबत फाईलमध्ये 'कंटेंट क्रेडेन्शियल्स'ची, म्हणजे चित्र कशाने केले याची, नोंद जाऊ शकते. छापील कागदावर ती उमटत नाही, त्यामुळे ओळ आपणच लिहायला हवी.

प्रश्न : आणि नुसत्या ब्लीडपुरते, म्हणजे पानाच्या कडेबाहेर कापण्यासाठी सोडलेल्या पट्टीपुरते, ३ मिमी भरले तर?

उत्तर : तेवढ्याला ओळ नको, ते कटिंगमध्ये जाते. मात्र भर कापाच्या रेषेच्या आत आली आणि तिथे माणूस, वास्तू किंवा पाटी असेल, तर ओळ हवीच. छायाचित्रकाराचे नाव देण्याआधी त्यालाही एकदा दाखवा.